मराठीला रोमनची कुबडी कशास?

मराठीच्या गौरवाचे प्रसंग अलीकडे वरचेवर येऊ लागले आहेत. १९६९ साली पु. शि. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यास साहित्यसंमेलन भरले होते; त्यास अर्धशतक उलटून गेल्यावर, २०२३ च्या फेब्रुवारीत, न्या. नरेंद्र चपळगावकर यांच्या अध्यक्षतेखाली ते याच गावी पुन्हा भरले. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, लीळाचरित्राच्या रिद्धपुरास, मराठीचे स्वतंत्र विद्यापीठही स्थापन झाले आहे. या सर्व गोष्टी आनंदाच्या आहेत आणि त्यांबद्दल कोणी नाक मुरडण्याचे कारण नाही. परंतु या आनंदात सामील झालेल्या सुशिक्षित मराठी गृहस्थाने त्या दिवशी आपल्या भावास, मुलीस किंवा मित्रास अभिनंदनाचा जो मजकूर धाडला, तो त्याने कोणती अक्षरे दाबून लिहिला, असा प्रश्न केला तर उत्तर देताना पुष्कळांस खाली पाहावे लागेल. तो मजकूर एक तर उघडउघड रोमन लिपीत होता, नाही तर रोमन अक्षरे दाबून यंत्राकरवी देवनागरीत उतरवून घेतलेला होता.

यांतील पहिला प्रकार वाईट आहे हे सर्वच कबूल करतात. दुसरा प्रकार मात्र आमच्या सुशिक्षित वर्गास निर्दोष, किंबहुना मोठ्या सोयीचा वाटतो. संगणकावर मराठी लिहावयाचे म्हणजे असेच लिहावयाचे, अशी त्याची प्रामाणिक समजूत झाली आहे. या समजुतीविरुद्ध हा लेख आहे. देवनागरी अक्षरे थेट उमटविण्याची सोय प्रत्येक संगणकात आणि प्रत्येक मोबाइलमध्ये विनामूल्य तयार असता, ती पंधरा मिनिटांत मांडून घेणे शक्य असता, आणि तिचा सराव दोन-तीन आठवड्यांत होण्यासारखा असता, रोमनच्या आडवाटेने मराठीत शिरणे हा निव्वळ आळस आहे; आणि या आळसाचे मोल आमच्या मुलांना द्यावे लागणार आहे, असे माझे म्हणणे आहे.

गोष्ट क्षुल्लक दिसते, पण ती तशी नाही. पूर्वी शाळा सुटल्यावरही माणसाचे मराठी लेखन सुटत नसे. सासरी गेलेली मुलगी आईस पत्र लिही, परगावी शिकणारा मुलगा वडिलांकडे पैसे मागताना का होईना, चार ओळी खरडी. हिशेबाची वही असे, दैनंदिनी असे. आज कार्ड-पाकिटाचा व्यवहार घरांतून जवळजवळ उठला आहे. शालान्त परीक्षेची शेवटची उत्तरपत्रिका दिल्यानंतर मध्यमवर्गातील मुलगा हाती लेखणी घेऊन मराठीची एक ओळही लिहीत नाही, आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळेत गेलेला मुलगा तर त्याआधीही फारशी लिहीत नाही. त्याच्या आयुष्यात मराठी लेखनास उरलेली जागा म्हणजे हातातील ती काचेची पाटी. त्या पाटीवरही त्याने रोमनच गिरवावयाचे ठरविले, तर देवनागरी ही त्याला केवळ वाचता येणारी लिपी होऊन बसेल. आपल्या मोडी लिपीचे काय झाले हे सर्वांस ठाऊक आहे. शतकानुशतके जिच्यात महाराष्ट्राचे दफ्तर लिहिले गेले, ती आज आम्हांस दाखविली तर आपण जाणकाराचा शोध करू लागतो. आधी लिहिणारे हात गेले आणि त्यांच्यामागून वाचणारे डोळे गेले.

यंत्र आणि देवनागरी यांचा झगडा जुना आहे, आणि त्यातील एक मोठे पर्व याच वर्धा जिल्ह्यात घडले. इंग्रजी जुळाऱ्याचे काम थोड्या खिळ्यांत भागे. मराठी जुळाऱ्यापुढील घरांत जोडाक्षरे, काने, मात्रा, रफार मिळून शेकड्यांनी खिळे असत. जावजी दादाजींच्या निर्णयसागराने हे शेकडो खिळे देखणे करून दाखविले. पण देखणेपणाने त्यांची संख्या कमी झाली नाही. लोकमान्य टिळकांसारख्या कामाने वाकलेल्या पुरुषासही केसरीच्या छपाईसाठी खिळे कमी कसे करावेत याच्या विवंचनेत वेळ घालवावा लागला. पुढे टंकलेखन यंत्र आले. त्याच्या जेमतेम चाळीस-पंचेचाळीस कळांवर सबंध बाराखडी बसवावयाची म्हणजे अक्षरांचे हातपाय तोडणे भागच होते.

अशा काळी काही थोर माणसांस वाटले, की यंत्र बदलत नसेल तर लिपीने बदलावे. सावरकरांनी रत्नागिरीहून लिपिशुद्धीची चळवळ चालविली. १९३५ साली इंदूरच्या हिंदी साहित्य संमेलनात गांधीजी अध्यक्ष असता लिपिसुधारणेचा विषय हाती घेण्यात आला आणि काकासाहेब कालेलकरांनी तो पुढे नेला. पुढल्याच वर्षी, १९३६ साली, वर्ध्यास राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली, आणि तिच्या पुस्तकांतून ‘अ’ची बाराखडी अवतरली: इ, उ, ए ही अक्षरे टाकून ‘अि, अु, अे’ लिहावयाचे, म्हणजे तेवढे खिळे वाचले. पवनारच्या विनोबांनीही याच धर्तीवर आपली लोकनागरी मांडली. १९५३ साली लखनौच्या परिषदेने तर ऱ्हस्व इकाराची वेलांटी अक्षराच्या डावीकडून उचलून उजवीकडे ठेवण्याचा ठराव केला. लोकांच्या डोळ्यांस ती रुचली नाही, आणि १९५७ साली तो ठराव मागे घ्यावा लागला.

या सुधारकांची टवाळी करण्याचा माझा हेतू नाही. त्यांच्यापुढील अडचण खरी होती, आणि तिच्याशी त्यांनी उघड्यावर येऊन दोन हात केले. रोमन लिपीचे पुरस्कर्तेही तेव्हा उघडपणे बोलत. तुर्कस्तानात केमाल पाशाने १९२८ साली अरबी लिपी काढून रोमन आणली, हे उदाहरण ताजे होते. सुनीतिकुमार चतर्जींसारख्या भाषापंडिताने भारतीय भाषांसाठी रोमनची बाजू मांडली. सुभाषबाबूंनी १९३८ साली हरिपुऱ्याच्या काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून तिची तरफदारी केली. देशाने त्यांचे म्हणणे ऐकून घेतले आणि नाकारले. पंडितांना आणि राष्ट्रनेत्यांना जे वाद घालून साधले नाही, ते आज एकही सभा न भरविता, एकही ठराव न करिता, आमच्या आळसाने साधत आणले आहे.

दैवयोग असा, की ज्या वेळी आम्ही रोमनला शरण गेलो, नेमक्या त्याच वेळी यंत्र देवनागरीला शरण आले होते. ही गोष्ट थोडी उलगडून सांगणे अवश्य आहे. छापखान्यातील खिळा किंवा टंकयंत्राची कळ ही अक्षराचा आकार धरून ठेवीत असे. संगणक आकार धरून ठेवीत नाही; तो वर्ण धरून ठेवतो. ‘कि’ लिहिताना वाचकास वेलांटी ‘क’च्या आधी दिसते, परंतु यंत्राच्या स्मरणात ‘क’ आधी आणि इकार नंतर असतो, म्हणजे ज्या क्रमाने आपण उच्चार करतो त्याच क्रमाने. ‘क्ष’ हा यंत्राच्या लेखी वेगळा खिळा नाही. ‘क’, पाय मोडल्याची खूण आणि ‘ष’ अशी ती तीन चिन्हे आहेत, आणि त्यांचा सुबक सांधा डोळ्यांपुरता जोडून दाखविण्याचे काम यंत्र आपण होऊन करते. लखनौच्या परिषदेस वेलांटी उजवीकडे हवी होती. ती यंत्राच्या पोटात उजवीकडे गेली, आणि वाचकाच्या डोळ्यांपुढे डावीकडेच राहिली. सुधारकांचा हेतू सफळ झाला आणि लिपीचा एक केसही वाकडा झाला नाही.

हे आपोआप झाले नाही. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी खात्याने १९८६ साली इन्स्क्रिप्ट नावाचा कळफलक प्रमाण म्हणून ठरविला. भारतीय लिप्यांच्या वर्णांस सांकेतिक क्रमांक देण्याचे जे काम झाले, त्यास १९९१ साली भारतीय मानकाचे रूप आले. त्याच वर्षी जगातील सर्व लिप्यांसाठी निघालेल्या युनिकोड या संकेतपद्धतीच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीस १२८ घरांचा स्वतंत्र वाडा मिळाला. पुढे विंडोज या संगणकप्रणालीबरोबर ‘मंगल’ हे देवनागरी अक्षरवळण घरोघर गेले. ते रेखाटणारे र. कृ. जोशी हे आमच्याच मराठीचे कवी आणि अक्षरचित्रकार होते. मराठीपुरती राहिलेली उणीवही हळूहळू भरून निघाली: ‘ॲ’ या अक्षरास २००८ साली स्वतंत्र क्रमांक मिळाला, आणि ‘ऱ्या’, ‘ऱ्हा’ यांतील अर्ध्या रकारासही जागा आहे. घर बांधून झाले, वास्तुशांत झाली; धनी मात्र अजून शेजाऱ्याच्या ओसरीवरच बसून आहे.

आता आक्षेपकांकडे वळू. त्यांचा पहिला आक्षेप असा, की रोमन अक्षरे दाबली तरी शेवटी कागदावर देवनागरीच उमटते. मग वाट कोणती धरली याची उठाठेव कशाला? हे म्हणणे वरवर पाहता सयुक्तिक वाटते. परंतु वाटेने जाताना काय सांडते ते पाहिले पाहिजे. रोमनच्या २६ अक्षरांत ‘ट’ आणि ‘त’ यांना एकच अक्षर, ‘ड’ आणि ‘द’ यांना एकच, ‘न’ आणि ‘ण’ यांना एकच, ‘ल’ आणि ‘ळ’ यांना एकच. ऱ्हस्वदीर्घाचा भेद तर बहुतेक लिहिणारे ठेवीतच नाहीत. लिहिणारा एक मोघम कडबोळे यंत्रापुढे टाकतो, आणि त्यातून कोणता शब्द अभिप्रेत असावा याचा यंत्र तर्क करते. वर्ध्याच्याच परिसरातील उदाहरण घ्या. ‘आचार्यांचे भोजन’ आणि ‘आचाऱ्यांचे भोजन’ हे रोमनमध्ये एकाच रीतीने लिहिले जातात. तेव्हा पवनारचे आचार्य जेवावयास बसले आहेत की आश्रमाचे आचारी, हे यंत्राने ठरवावयाचे! सेवाग्रामास ज्याने कातले ते ‘सूत’, आणि ज्याला जन्म दिला तो ‘सुत’. रोमन कळफलकाला दोन्ही सारखेच. यंत्राचा तर्क दहापैकी नऊ वेळा बरोबर येतो, हे मला मान्य आहे. खरी हानी तेथेच आहे. तर्क बरोबर आला की लिहिणाऱ्यास वाटते शब्द आपण लिहिला; वस्तुतः त्याने तो सुचविला, लिहिला यंत्राने. ‘पाणी’तील णकार बाणातला की नळातला, ‘कवी’तील वेलांटी पहिली की दुसरी, हा विचार त्याच्या डोक्यात येण्याचे कारणच उरत नाही. आणि दहावी वेळ येते तेव्हा चूक ओळखण्याची शक्तीही त्याच्याजवळ राहिलेली नसते.

महाविद्यालयात मराठी घेऊन बसलेल्या मुलांचे निबंध गेली कित्येक वर्षे मी तपासतो आहे. अशुद्धलेखन पूर्वीही होते. परंतु ते कानाने केलेले अशुद्धलेखन असे. ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ लिहिणारा मुलगा घरी जसे बोलत असे तसे लिही, आणि त्या चुकीत त्याच्या गावाची माती लागलेली असे. आता ‘त’च्या जागी ‘ट’, ‘द’च्या जागी ‘ड’ अशा चुका दिसू लागल्या आहेत. कोणत्याही खेड्यातील कोणतीही मराठी जीभ ‘तुमचे’ या शब्दाचा ‘टुमचे’ करीत नाही. ही चूक विदर्भाची नव्हे आणि पुण्याचीही नव्हे. ती निव्वळ रोमन कळफलकाची आहे.

आमच्या वऱ्हाडी-नागपुरी बोलीच्या दृष्टीने ही वाट अधिकच घातक आहे. येथला माणूस ‘डोळा’ म्हणत नाही, ‘डोया’ म्हणतो. ‘मला-तुला’ म्हणत नाही, ‘मले-तुले’ म्हणतो. ‘का’ न म्हणता ‘काऊन’ विचारतो. तर्क करणारे यंत्र ज्या मजकुरावर पोसलेले असते, तो बहुतांशी वर्तमानपत्री आणि प्रमाण मराठीचा असतो. तेव्हा बोलीतील शब्द त्याच्यापुढे आला, की ते अदबीने पण हट्टाने त्याचा प्रमाण भाऊ पुढे करते. घाईत असलेला लिहिणारा तोच पत्करतो. शंभर वर्षे शाळामास्तरांच्या छडीला जे जमले नाही, ते हे अदृश्य मास्तर छडी न उगारता करीत आहेत. थेट देवनागरी कळफलकावर असे होण्याचे कारण नाही. तेथे ‘ड’ची कळ दाबली की ‘ड’ उमटतो, ‘य’ची दाबली की ‘य’ उमटतो, आणि तुम्ही ‘डोया’ का लिहिलेत हे विचारण्याचा अधिकार कळफलकास नसतो.

दुसरा आक्षेप अधिक विद्वत्तेचा आहे. चिनी आणि जपानी लोक संगणकावर बहुधा रोमन अक्षरांच्याच मार्गाने लिहितात. त्यांच्या भाषा बुडाल्या काय? बुडाल्या नाहीत हे खरे. पण त्यांच्या लिपीत अक्षरे हजारांनी मोजावी लागतात. एकेका अक्षरास एकेक कळ देणे त्यांस अशक्य होते, म्हणून त्यांनी हा द्राविडी प्राणायाम स्वीकारला. आणि त्याचे फळ म्हणून, हाती लेखणी घेतली असता ओळखीचे अक्षर आठवेनासे होते, अशी तक्रार त्या देशांतील सुशिक्षितच करीत असतात. आमची वर्णमाला पन्नासाच्या घरातली. आमची तुलना चीनशी नव्हे, कोरियाशी, रशियाशी, ग्रीसशी केली पाहिजे. कोरियन विद्यार्थी आपल्या हंगुल लिपीचीच चिन्हे दाबतो; त्यांच्या प्रचलित कळफलकावर व्यंजने डाव्या हाताकडे आणि स्वर उजव्या हाताकडे असतात. रशियन माणूस रशियन अक्षरांच्या कळा वापरतो, ग्रीक माणूस ग्रीक. आपली भाषा लिहिण्यासाठी आधी ती इंग्रजीच्या चाळणीतून गाळावी, ही कल्पना त्यांस चमत्कारिक वाटेल. इंग्रजी शिकलेल्या मराठी माणसास मात्र ती स्वाभाविक वाटते, यात त्याच्या इंग्रजीचा गौरव नाही आणि मराठीचाही नाही.

कोणी म्हणतील, आता लिहिण्याचीच गरज काय? यंत्रापुढे बोलावे, ते लिहून घेते. घाईच्या निरोपास ही सोय उत्तम आहे. वृद्धांस आणि दृष्टिहीनांस तर ती वरदानच आहे. परंतु बोलणे आणि लिहिणे या दोन भिन्न क्रिया आहेत. लिहिताना माणूस थांबतो, खोडतो, शब्द बदलतो; हाताच्या गतीने विचार बांधीत जातो. शिवाय येथेही यंत्राचा कान प्रमाण बोलीस सरावलेला असतो, आणि आर्वीच्या किंवा हिंगणघाटच्या शेतकऱ्याचे बोलणे त्यास पुण्याच्या निवेदकाइतके कळेल अशी हमी देता येत नाही.

तिसरा पक्ष आमच्या संस्थांचा आणि छापखान्यांचा. ते म्हणतात, आम्ही रोमन दाबीत नाही. आम्ही जुन्या टंकयंत्राच्या मांडणीने शुद्ध देवनागरी छापतो. छापतात हे खरे, पण कशी? युनिकोड रूढ होण्यापूर्वी जे ‘कृतिदेव’सारखे फॉन्ट प्रचारात आले, त्यांची युक्ती अशी होती की इंग्रजी अक्षरांच्याच क्रमांकांवर देवनागरीचे आकार चढवावयाचे. कागदावर मराठी दिसते. यंत्राच्या पोटात मात्र अर्थहीन रोमन अक्षरांची रास असते. तो विशिष्ट फॉन्ट नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडा, म्हणजे अंगरखा गळून पडतो. त्या काळी दुसरा उपाय नव्हता, म्हणून ती युक्ती क्षम्य होती. आज ती क्षम्य नाही. एका संस्थेच्या स्मरणग्रंथासाठी मी दिलेले लेख काही वर्षांनी परत मागितले, तेव्हा माझ्या हाती जे आले त्यातील एकही ओळ वाचण्याजोगी नव्हती. फॉन्ट बदलला होता, जुळणी करणारा गृहस्थ नोकरी सोडून गेला होता, आणि छापील प्रतीवरून सर्व मजकूर पुन्हा उतरून काढावा लागला. हे केवळ माझ्याच वाट्यास आले असेल असे नाही. जिल्ह्याजिल्ह्यांतील स्मरणिका, अहवाल, गावांचे इतिहास, महाविद्यालयांची नियतकालिके अशा फाइलींतून पडून आहेत. त्यांत एखाद्या गावाचे नाव शोधावयाचे म्हटले तर यंत्रास ते सापडत नाही, कारण यंत्राच्या दृष्टीने ते नाव तेथे लिहिलेलेच नाही.

याउलट काय होऊ शकते हे पाहण्यासाठी दूर जावयास नको. वर्ध्यास १९९७ साली महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय स्थापन झाले. या विश्वविद्यालयाने ‘हिंदी समय’ या नावाने हिंदी साहित्याचा प्रचंड संग्रह युनिकोडमध्ये जगासमोर ठेवला आहे. न्यूयॉर्कात बसलेला वाचकही त्यातील शब्द न् शब्द शोधू शकतो. वर्ध्याच्या टेकडीवरून हिंदीचे हे कार्य व्हावे याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु त्याच टेकडीच्या पायथ्याशी राहणाऱ्या मराठी संस्थांनी आपल्या वार्षिक अंकाची फाइल तरी पुढील पिढीस वाचता येईल अशी ठेवावी, ही अपेक्षा मोठी म्हणता येईल काय?

आता करावयाचे काय, ते सांगतो. कारण दोष दाखवून उपाय न सांगणे हे टीकाकाराचे काम नव्हे. घरच्या संगणकावर विंडोज असेल तर तिच्या सेटिंगांत काळ आणि भाषा यांचा विभाग आहे. तेथे भाषा जोडा म्हणून सांगावे आणि मराठी निवडावी. इन्स्क्रिप्टचा कळफलक तिच्याबरोबर येतो. विंडोजची खूण असलेली कळ आणि लांब पट्टी एकदम दाबली, की इंग्रजीवरून मराठीवर आणि मराठीवरून इंग्रजीवर जाता येते. मोबाइलवर मराठी जोडताना बहुधा दोन पर्याय पुढे येतात: एक देवनागरी कळांचा, दुसरा रोमन कळांवरून मराठीचा. पहिला घ्यावा, आणि दुसरा घरात ठेवूच नये. कारण हाताशी असलेली कुबडी लंगडणे संपू देत नाही.

इन्स्क्रिप्टची मांडणी अवघड आहे अशी हाकाटी करणाऱ्यांनी ती एकदा डोळे उघडून पाहावी. स्वर सगळे डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक उजव्या हाताला. डाव्या हाताची बोटे जेथे विसावतात त्या ओळीत ऱ्हस्व इकार-उकार, आणि त्यांच्या बरोबर डोक्यावरच्या ओळीत त्यांचेच दीर्घ. मधल्या ओळीत एकार-ओकार, तर वर ऐकार-औकार. उजव्या हाताच्या मधल्या ओळीत क, च, ट, त, प ही कठोर व्यंजने, आणि त्यांच्या डोक्यावर ग, ज, ड, द, ब ही त्यांची मृदु भावंडे. ‘क’चीच कळ शिफ्टसह दाबली की ‘ख’, ‘ग’ची दाबली की ‘घ’. ज्याने लहानपणी बाराखडी म्हटली आहे त्यास हा कळफलक परका वाटण्याचे कारण नाही. आपल्या प्राचीन वैयाकरणांनी लावलेली वर्णांची व्यवस्थाच येथे बोटांखाली अंथरली आहे. आणि ऱ्हस्वदीर्घाचा भेद जो नियमांच्या पाठांतराने येत नाही, तो येथे बोटाच्या एका उडीने अंगवळणी पडतो. हीच मांडणी इतर भारतीय लिप्यांसही लागू आहे. मराठीत ‘क’ जेथे सापडतो तेथेच तेलुगूचा आणि गुजरातीचाही सापडतो. रोमनच्या वाटेने जाऊन भारतीयत्व साधेल म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

सरावाला रोज अर्धा तास याप्रमाणे दोन-तीन आठवडे पुरतात. पहिले चार दिवस कंटाळवाणे जातात, हे लपविण्याचे कारण नाही. पण १९३७ च्या ऑक्टोबरात याच वर्ध्यास जी शिक्षणपरिषद भरली आणि जिच्यातून नई तालीम निघाली, तिचे सूत्रच हे होते, की शिक्षण मातृभाषेतून व्हावे आणि ते हातातून डोक्यात जावे. तेव्हा मुलांच्या हाती टकळी दिली होती. पहिल्या दिवशी प्रत्येकाचा धागा तुटला असेल. म्हणून कोणी सूत तयारच मिळते तर कातावयाचे कशाला असे म्हणून टकळी फेकून दिली असती, तर त्या शिक्षणाचा अर्थच उरला नसता. भाषेचेही तसेच आहे. गांधीजींनी आपल्या आत्मकथेत स्वतःच्या वाईट हस्ताक्षराबद्दल खंत केली आहे आणि वाईट अक्षर हे अपुऱ्या शिक्षणाचे लक्षण मानले आहे. हस्ताक्षराची जागा आता कळफलकाने घेतली; तेव्हा ज्यास आपली भाषा आपल्या लिपीत थेट लिहिता येत नाही, त्याचे शिक्षणही अपुरेच मानले पाहिजे, मग त्याच्या नावापुढे पदव्यांची केवढीही माळ असो.

शासनाने हे करावे, विद्यापीठाने ते करावे, अशा मागण्यांची यादी देऊन मी हा लेख लांबवीत नाही. शाळेने सातव्या-आठव्या इयत्तेत इन्स्क्रिप्टचा सराव करून घ्यावा, मराठी विषयाच्या शिक्षकाने युनिकोडमध्ये लिहिलेलाच मजकूर स्वीकारावा, संस्थेच्या चिटणिसाने छापखान्याशी करार करताना मजकुराची युनिकोड प्रत मागून घ्यावी, यांपैकी एकाही गोष्टीस सरकारी आज्ञेची वाट पाहावी लागत नाही. आणि घरात तर नाहीच नाही. आईबापांनी आज रात्री आपल्या आणि मुलांच्या मोबाइलवर देवनागरी कळफलक मांडावा, आणि उद्यापासून घरातील निरोप त्यावरूनच जातील असा नियम करावा. मुले कुरकुरतील, निरोप काही दिवस तोकडे येतील, त्यांत चुका राहतील. राहू द्या. त्या चुका त्यांनी स्वतः केलेल्या असतील, आणि म्हणून त्या त्यांना सुधारताही येतील.